गावात राहून गावाचा इतिहास

वाईचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण ही येते, की वाईचा इतिहास वाईत नाही. घाट आहेत, देवळं आहेत, उरलेसुरले वाडे आहेत. कागद मात्र गेले. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं इथल्याच एका वाड्यात मिळाली आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचं दप्तर होतं, ते पारसनिसांच्या हाती आलं. साताऱ्याला 1925 मध्ये त्यांच्या संग्रहासाठी इमारत उभी राहिली आणि 1939 मध्ये संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. पेशवे दप्तर पुण्यातच. त्यामुळे घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या देवळाचा खर्च कुणी केला हे शोधायला मी पहाटेची एसटी पकडून, खंबाटकी ओलांडून, पुण्याला जायचो. संध्याकाळी परत यायचो तेव्हा ते देऊळ तिथेच असायचं, आणि पारावरची मंडळी विचारायची, ‘काय, सापडला का इतिहास?’

याची मला तक्रार नाही. गेले म्हणून ते कागद वाचले, हेच खरं आहे. जे गेले नाहीत त्यांचं पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. कॉमर्स शिकलो, भूमी अभिलेख खात्यात चिकटलो आणि मोडी शिकलो ती पोटासाठी. कचेरीत जुन्या नोंदी वाचणारे एकच कारकून होते, ते निवृत्तीला आले होते. जायच्या आधी त्यांनी मला समोर बसवलं. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लोंबवत जायची. हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. लिहिणाऱ्याची चैन, वाचणाऱ्याचे हाल. बाराखडी लवकर येते. पुढे मात्र एकेका कारकुनाचा हात ओळखावा लागतो; एकाचा ‘स’ दुसऱ्याच्या ‘म’सारखा दिसतो आणि तिसरा घाईत दोन्ही गिळतो. जुन्या कागदाची घडी उलगडली की बारीक वाळू टेबलावर पडते, कारण शाई टिपायला तेव्हा वाळू टाकत. टेबल पुसून घेणं हाही या कामाचाच भाग.

अक्षर लागलं तरी साल लागत नाही. पेशवाईतला कागद शुहूर सनाचा, आणि तो सन अरबी शब्दांत. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1163. त्यात 599 मिळवले की 1762. पण हे वर्ष जानेवारीला नव्हे, मृगाला सुरू होतं. म्हणून पावसाळा यायच्या आधीच्या महिन्यांना 600 मिळवायचे. पानिपतचं साल ‘इहिदे सितैन’ हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की मागेपुढे मोजता येतं, मी अजून तसंच मोजतो. वर शक आहे, फसली आहे, तारखेच्या जागी चंद्र आणि मुसलमानी महिना आहे. नवशिके इतिहासकार लढायांच्या वर्णनात रमतात आणि इथे अडखळतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी बेरजा करायला लावतो. निम्मी पुन्हा येत नाहीत.

ढोल्या गणपती 1762 चा, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेला. शेजारचा काशीविश्वेश्वर 1757 चा, आनंदराव भिकाजी रास्त्यांचा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या, त्यामुळे पैसा कुठून आणि का आला हे फार खणावं लागत नाही. गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर त्या टोकावर फुटतो आणि दोन बाजूंनी निघून जातो. हे बांधणारा गवंडी कोण, त्याला काय मिळालं, दगड कुठल्या खाणीतून आणला, या प्रश्नांवर माझी बरीच उमेद खर्च झाली. देवळासमोर उभं राहून ‘रास्त्यांनी बांधलं’ म्हणणं सोपं आहे. रास्त्यांनी एक धोंडाही उचलला नसणार.

दंतकथांशी माझं भांडण पूर्वी होतं, आता नाही. मेणवलीच्या घाटावर एक पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि 1707 हा आकडा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, त्या वेळी पोर्तुगीज चर्चांमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. एक वाटाड्या पर्यटकांना सांगत होता की नाना फडणवीसांनी वसई जिंकून ही घंटा स्वतः आणली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘अरे, नानांचा जन्म 1742 चा. वसई पडली तेव्हा ते जन्माला यायचे होते.’ तो म्हणाला, ‘काका, ते बरोबर असेल, पण लोक नानांचा वाडा बघायला आलेत, चिमाजीअप्पांचा नाही.’ याला काय उत्तर देणार? पुढे तर बहुतेक पाहुणे नानांनाही विचारेनासे झाले, ‘स्वदेस’चं शूटिंग नक्की कुठे झालं तेवढं विचारतात. मी तेही दाखवतो. ते दाखवता दाखवता घंटेचा आकडा वाचायला लावतो. आकडा डोळ्यांनी वाचलेला माणूस तो विसरत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

कृष्णाबाईच्या उत्सवाचं प्रकरण मात्र नाजूक. माघापासून पुढे एकेका घाटावर उत्सव होतो. गाव असं मानतं, की अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून जो नवस बोलला गेला, त्यातून हा उत्सव सुरू झाला. खानाचा वाईशी संबंध दंतकथेतला नाही. वाईचा कारभार बरीच वर्षं त्याच्याकडे होता आणि 1659 मध्ये प्रतापगडाकडे जाताना त्याचा तळ इथेच होता. नवसाचा समकालीन कागद मात्र माझ्या पाहण्यात आलेला नाही. म्हणून मी लिहिताना ‘असे सांगतात’ एवढे दोन शब्द घातले. त्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला घाटावरच अडवलं. ‘सांगतात म्हणजे? आम्ही काय खोटं सांगतो?’ मी म्हटलं, तसं नाही. ते म्हणाले, मग ‘सांगतात’ काढा. मी काढलं नाही. पुढच्या उत्सवात मला प्रसादाचं बोलावणं आलं, पण हाताने नाही, मुलाकरवी.

त्या दोन शब्दांची सवय मला विश्वकोशाच्या कचेरीतल्या एका वयस्कर संपादकांनी लावली. विश्वकोशाचं काम वाईतून चालतं हे बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रस्त्यात दिसायचे, त्यामुळे वाटत नसे. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. मी माझा पहिला लेख, गावच्या वाड्यांवरचा, त्या संपादकांना मोठ्या हौसेने दाखवला होता. त्यांनी काही न बोलता पेन्सिल घेतली आणि ‘भव्य’, ‘वैभवशाली’, ‘अद्वितीय’ असे सगळे शब्द खोडले. मग विचारलं, ‘आता काय उरलं?’ उरलं होतं ते पाऊण पान. ‘हे पाऊण पान तुमचं. बाकीचं कुणीही लिहील.’ ते वाक्य माझ्या मनाला तेव्हा लागलं. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे लेख वाचताना पेन्सिल आपोआप हातात येते.

आता कागद मिळवण्याबद्दल. यात मोडीपेक्षा चहा जास्त लागतो. कुणाच्या घरी पेटारा आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण तो उघडायला घरातले तयार नसतात आणि त्याची कारणं घरागणिक वेगळी. एका आजींनी सांगितलं, ते पितरांचं आहे, पक्षपंधरवडा होऊन जाऊ दे. मी थांबलो. पंधरवड्यानंतर त्यांनीच निरोप धाडला आणि स्वतः समोर बसून एकेक रुमाल सोडायला लावला. त्यात बहुतेक देण्याघेण्याच्या याद्या निघाल्या. त्यांना वाटत होतं आपल्या घरात पेशव्यांची पत्रं आहेत. मी वाचून दाखवलं: अमक्याकडून इतके शेर तांदूळ येणे, तमक्याला लग्नासाठी रुपये दिले ते बाकी. त्या थोड्या हिरमुसल्या. पण मग एका यादीत लुगड्यांची खरेदी निघाली, कुणासाठी कुठलं त्या तपशिलासकट, आणि आजी खुलल्या. त्यांना त्यातल्या एका पणजीचं नाव ठाऊक होतं. त्या यादीने मला त्या घराबद्दल जेवढं सांगितलं तेवढं कुठल्याही सनदेने सांगितलं नसतं. कुणाला कमी किमतीचं लुगडं, हे तिथे स्पष्ट होतं.

दुसऱ्या घरी भीती वेगळी. ‘हे वाचून कुणी आमच्यावर दावा लावणार नाही ना?’ जमिनीच्या खात्यात नोकरी केलेल्या माणसाने जुना कागद मागितला की ही शंका येणारच. माझ्या नोकरीने मला मोडी दिली आणि कित्येक दारं बंदही केली. निवृत्त झाल्यावर त्यांतली काही उघडली. काहींच्या मालकांनी तोवर वाडा बिल्डरला दिला होता. अशाच एका वाड्याचं पाडकाम सुरू असल्याचं कळलं म्हणून गेलो, तर माळ्यावरचे रुमाल आदल्या दिवशी रद्दीत गेले होते. रद्दीच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, जुना कागद आहे, पुठ्ठ्याच्या कारखान्यातही घेत नाहीत, वजनात भरत नाही म्हणून पाण्याच्या बंबाला दिला. कापड मात्र चांगलं होतं, ते त्याने ठेवलं होतं. रुमालाचं कापड तो गल्ला पुसायला वापरत होता.

गावाला आपला इतिहास हवा असतो तो अभिमानासाठी. कागद सांगतात ती भांडणं. ज्याच्याकडे वाद नव्हता त्याने कागद जपायचं कारणच नव्हतं. निवाडपत्र, महजर, करीना ही सगळी तंट्यातून जन्मलेली प्रजा. जवळच्या एका गावच्या पाटीलकीचा तंटा माझ्या हाती आला. होळीची पहिली पोळी कुणाची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, विडा आधी कुणाला, यावर दोन भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या झगडले आणि शेवटी गोत बसवून निवाडा झाला. मी तो छापला. मला वाटलं, पेशवाईतल्या गावकारभाराचा किती चांगला नमुना. ज्या शाखेच्या विरुद्ध निवाडा गेला होता, तिचे वंशज मला भेटायला आले. हातात माझी पुस्तिका होती, ओळी अधोरेखित केलेल्या. अडीचशे वर्षं झाली तरी होळीची पोळी तेच आधी टाकत होते, आणि आता दुसरी शाखा माझी पुस्तिका घेऊन यात्रा कमिटीत बसली होती.

पुण्याच्या अभ्यासकाला हा प्रसंग येत नाही. राजवाडे कागद घेऊन पुढच्या गावाला गेले. मला त्याच पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन जायचं असतं. बरेच जण म्हणतील, मग अशा गोष्टी लिहू नयेत. मला ते पटत नाही. लिहावं, पण छापायच्या आधी ज्याच्या घराबद्दल आहे त्याच्या ओसरीवर बसून वाचून दाखवावं. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. त्यानंतर मी तेच करत आलो. काही ओसऱ्यांवर चहा झाला, काहींवर नाही. एकदोन ठिकाणी ऐकणाऱ्यानेच आत जाऊन आपल्याकडचा उलट बाजूचा कागद आणून दिला आणि माझं प्रकरण जास्त खरं झालं.

तरी या सगळ्यात एक मोठी खोट होती आणि ती मला एका पाहुण्याने दाखवली. पाहुणा कसला, नदीपलीकडच्या एका गावचे वयस्कर गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले. माझं व्याख्यान संपल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘साहेब, तुमच्या वाईत ज्यांना वाडा होता तेवढेच लोक राहत होते का?’ दुसऱ्या दिवशी ते एक पत्र्याची पेटी घेऊन घरी आले. आत महार वतनाचे कागद: बलुत्याच्या हक्काचे दाखले, पावत्या, पुढच्या काळातले अर्ज. बावन्न हक्कांची परंपरा मी पुस्तकात वाचलेली होती. इथे कुठल्या खळ्यावर किती पेंढ्या आणि कुठल्या पाटलाने त्या कधी अडवल्या, असा हिशेब होता. वतनं कायद्याने 1959 मध्ये गेली. बाबासाहेबांनी त्याच्याही कितीतरी आधीपासून सांगितलं होतं की ही वतनं म्हणजे वेठ आहे, सोडा. त्या गृहस्थांच्या वडिलांनी काम सोडलं होतं, कागद मात्र सोडले नव्हते. का, असं मी विचारलं. ‘उद्या कुणी म्हणालं असं काही नव्हतंच, तर दाखवायला.’

वाळवी नाही, दमट डाग नाहीत, प्रत्येक कागद जुन्या धोतराच्या तुकड्यात. मी पाहिलेलं गावातलं सगळ्यात नीट ठेवलेलं दप्तर ते होतं. त्यानंतर माझ्या कामाची दिशा फिरली. वाड्यांची यादी तिथेच थांबवली आणि पूल होण्याआधी होडी चालवणाऱ्या भोयांच्या घरी, हळदीच्या वखारीत खपलेल्या हमालांकडे, धोम धरणात ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडे जाऊ लागलो. यांच्याकडे कागद थोडे, बोलणं फार. बोलण्याला तारीख नसते, पण ‘ज्या वर्षी पूर गणपतीच्या सोंडेला लागला’ असं कुणी म्हणालं की पुराचं साल शोधून काढता येतं. शुहूर सनापेक्षा हे गणित मला जास्त आवडतं.

मग 2023 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मराठवाड्यापुरतं असलेलं काम पुढे राज्यभर आलं आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. आयुष्यभर ज्यांनी ‘काय तो किडा लागलाय’ म्हटलं, त्यांचे नातू माझ्या दारात उभे. जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरांचे मोबाइलमधले फोटो, थरथरत्या हाताने काढलेले. प्रत्येकाला त्या पानावरचा एकच शब्द हवा होता. तो असला की पेढे. नसला की शांतता. एका मुलाच्या पणजोबांच्या नोंदीत तो नव्हता. मी असलेलं वाचून दाखवलं. ‘काका, नीट बघा ना.’ मी भिंगाने पुन्हा बघितलं, तेच होतं. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता हे मला कळत होतं, पण पानावर नसलेलं अक्षर मी कुठून आणणार? तो दुसऱ्या वाचकाकडे गेला असावा.

तो गेल्यावर त्याने पाठवलेलं पान मी पूर्ण वाचलं. साल 1918, महिने पावसाळ्यानंतरचे. मृत्यूच्या रकान्यात खाली खाली एकच कारण: ताप, ताप, ताप. तो इन्फ्लुएन्झा. त्याच्या घराण्याच्या नावापुढे एकाच आठवड्यातल्या तीन नोंदी होत्या, त्यांतल्या दोन लहान मुलांच्या. हे मी त्याला फोन करून सांगितलं. क्षणभर गप्प राहून तो म्हणाला, ‘हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.’ नंतर त्याने त्या मुलांची नावं लिहून मागितली. ती रजिस्टरात नव्हती. ‘मुलगा’, ‘मुलगी’ एवढंच होतं.

शोधमोहिमेचा एक फायदा मात्र निर्विवाद झाला: कुलूपबंद पडलेली रजिस्टरं उघडली गेली, त्यांचे फोटो निघाले. त्यांचा उपयोग दाखल्यापुरताच करून ती पुन्हा गाठोड्यात टाकली तर आपल्यासारखे करंटे आपणच. कुठल्या साली पटकी, कुठल्या साली प्लेग, बाळंतपणात किती बायका गेल्या, हे सगळं प्रत्येक गावाचं तिथे लिहिलेलं आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं गाठोडं खाली आलं तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मोडी येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आता असे लोक बहुतेक तालुक्यांत आहेत, तरुण मुलंमुलीही आहेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. डांबरगोळ्यांवर विसंबू नका, कोरड्या जागी सुती कापडात ठेवा. जुन्या फोटोच्या पाठीमागे, घरातलं ओळखणारं माणूस आहे तोवर, मऊ पेन्सिलीने नावं लिहून घ्या, बायकांची माहेरच्या नावासकट. आणि कागद संस्थेला द्यायचा असेल तर पावती घ्या, पण द्या.